ढगात ठेवलेली अनामत

मराठवाड्यातल्या माणसाला ‘ढगावर भरवसा ठेव’ असं सांगणं म्हणजे त्याची थट्टा केल्यासारखंच आहे. आमचं गाव शिरड शहापूर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. इथं मृगापासून हस्तापर्यंत माणसं मान वर करून बसलेली असतात. ढगानं किती वेळा शब्द पाळला, ते १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. आणि तरीही आज माझ्या गावातल्या बहुतेक घरांनी आपली किमती चीजवस्तू एका ढगात नेऊन ठेवली आहे. लग्नाचे फोटो, पोरांच्या मार्कशीट, आधार कार्डाची प्रत, दुकानाचा हिशेब. माझ्या कवितासुद्धा तिथंच आहेत. संगणकवाले ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात, तो हा ढग.

हा ढग आभाळात नसतो, हे मला माझ्या मुलीनं समजावलं. नवी मुंबईत ऐरोली-महापे भागात मोठमोठ्या इमारती आहेत. त्यांत खोल्याच्या खोल्या भरून संगणक रात्रंदिवस चालू असतात, त्यांना गार ठेवायला वेगळी यंत्रं, वीज गेली तर जनरेटर. आपला फोटो जमिनीखालच्या तारांमधून अशाच एखाद्या इमारतीत जातो. आपण जागा भाड्यानं घेतो, घर दुसऱ्याचं. अॅमेझॉन कंपनीनं २००६ साली अशी साठवणीची जागा भाड्यानं द्यायला सुरुवात केली आणि २०१६ साली मुंबईत आपलं ठाणं मांडलं. मायक्रोसॉफ्ट २०१५ मध्येच पुण्यात आली होती. २०२२ साली अॅमेझॉननं दुसरं ठाणं हैदराबादला केलं. हे ऐकून मला हसू आलं. निजामाच्या राज्यात आमच्या मुलखाची दप्तरं हैदराबादकडेच जायची.

म्हणजे गोष्ट नवी आहे, पण प्रश्न जुनाच आहे. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवायची, आणि तीसुद्धा आपण न पाहिलेल्या माणसाच्या, तर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? या भरवशाचाच थोडा इतिहास आज सांगायचा आहे.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. आमच्या माळवदाच्या घरात कोपऱ्यातल्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती. माझे आजोबा, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, उर्दू वाचणारे होते. निजामी अमलात सरकारी कारभार उर्दूत चालायचा. खरेदीखत, सारा भरल्याची पावती, सेतवाराची नक्कल, सगळं उर्दूत. ज्याच्या नावावर जमीन, त्याला स्वतःचाच कागद वाचता येत नसे. मग माणसं दादांकडे येत. कागद वाचून झाला की म्हणत, “बडेमियाँ, आमचं घर कुडाचं. पावसात भिजंल. तुमच्यापाशीच राहू द्या.” दादा तो कागद फडक्यात बांधत, गाठीला चिठ्ठी लावत आणि पेटीत ठेवत. त्या पेटीत मराठ्याचा कागद होता, हटकराचा होता, वाण्याचाही होता. दादांचे दोन नियम होते. ठेवताना आणि काढताना दोन माणसं समोर पाहिजेत. आणि मालक नसताना गाठ सोडायची नाही, मग फौजदार आला तरी.

या ठेवीला दादा ‘अमानत’ म्हणत. गावातली माणसं म्हणत ‘अनामत’. दोन्ही शब्द एकच आहेत. अरबीतला अमानत फारसी-उर्दूच्या वाटेनं मराठीत आला आणि येताना त्याची अक्षरं पुढंमागं झाली. आज निवडणुकीत उमेदवाराची जप्त होते तीही अनामतच आणि दवाखान्यात आधी भरावी लागते तीही. पण शब्दाचा मूळ गाभा असा की, जे माझ्या हातात आहे पण माझं नाही. पैगंबरांना मक्केतले लोक नबुवतीच्या आधीपासून ‘अमीन’ म्हणजे विश्वासू म्हणत आणि आपल्या मौल्यवान वस्तू त्यांच्याकडे ठेवत. मक्का सोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी हजरत अलींना मागं ठेवलं, ते लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी. त्या ठेवींत विरोधकांच्याही होत्या. दादा ही गोष्ट पेटी उघडताना सांगत. आपल्या मराठीत भरवशाच्या व्यवहाराचे किती तरी शब्द याच वाटेनं आले आहेत. जामीन, हमी, दप्तर, खातरजमा. खातरजमा म्हणजे मनाचं समाधान. ते कसं करून घ्यायचं, हा खरा प्रश्न.

भरवसा मोडला की काय होतं, याची महाराष्ट्रातली मोठी कहाणी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याची आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. मग पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत तेच झालं. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. लोकांना पैशाअडक्यापेक्षा हवे होते ते सावकाराकडचे कर्जरोखे आणि वह्या. ते हाती आले की चौकात जाळले. बहुतेक ठिकाणी कागद मुकाट्यानं दिले, तर माणसाला हात लागला नाही.

असं का झालं? कर्ज भारी होतं, सारा भारी होता, कापसाचे भाव पडले होते, ही कारणं खरीच. पण कागदाचंही एक कारण होतं. व्यवहाराचा कागद एकाच बाजूकडे होता. लिहिणारा सावकार, ठेवणारा सावकार, वाचून दाखवणाराही सावकार. कुळानं अंगठा उठवायचा. फेड केली तर पावती नाही. ज्याच्याकडे दुसरी प्रत नाही, त्याच्यापुढं वही जाळण्याशिवाय दुसरा उपाय राहत नाही.

इंग्रज सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. त्या कायद्यातल्या तीन गोष्टी मला आजच्या ढगाच्या संदर्भात फार महत्त्वाच्या वाटतात. शेतकऱ्याचा रोखा सरकारनं नेमलेल्या ग्राम-निबंधकासमोरच व्हायला पाहिजे. फेड केली की पावती मिळण्याचा हक्क. आणि वर्षाचा हिशेब लेखी मिळण्याचा, मागितल्यास पासबुकात लिहून घेण्याचा हक्क. सावकार चांगला की वाईट, या वादात कायदा फार पडला नाही. त्यानं तिसरा माणूस मधे बसवला आणि दुसरी प्रत शेतकऱ्याच्या हातात दिली. हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. आमचा मुलूख निजामाकडे. आमच्याकडे दादांची पेटी होती.

दुसरी कहाणी बँकांची. मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला ‘बँक’ म्हटलं की आधी आठवते ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद. १९४१ साली निजाम सरकारनं ती ‘हैदराबाद स्टेट बँक’ म्हणून काढली. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं. उस्मानिया सिक्का काही वर्षं चालला आणि बाद झाला. १९५६ मध्ये बँक रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात आली, नाव बदललं. पुढं ती भारतीय स्टेट बँकेची उपकंपनी झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी तिच्यातच विलीन झाली. राज्य बदललं, नाणं बदललं, पाटी दोनतीनदा बदलली, पण पासबुकातली शिल्लक पुढच्या पासबुकावर उतरत गेली. माणसांना भरवसा वाटला तो या सातत्यामुळे.

पण सगळ्याच बँकांचं असं झालं नाही. १९६० साली शेजारच्या विदर्भातली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. लोक इतर बँकांपुढंही रांगा लावू लागले. तेव्हा सरकारनं ‘घाबरू नका’ एवढं सांगून भागवलं नाही. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू केला. बँक बुडाली तरी प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंतची हमी. १९९३ मध्ये ही मर्यादा १ लाख झाली, आणि पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या २०१९ च्या प्रकरणानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. दर वेळी आधी माणसं पोळली, मग व्यवस्था आली. भरवशाच्या इतिहासात हा क्रम फारसा चुकलेला नाही.

आता पुन्हा ढगाकडे येतो. या कंपन्यांनी लोकांचा भरवसा कसा मिळवला? सुरुवातीला मोठे उद्योग आपली कागदपत्रं परक्या संगणकावर ठेवायला तयारच नव्हते. मग कंपन्यांनी जुन्याच वाटा धरल्या. त्रयस्थ तपासनीस बोलावून आपल्या इमारतींची तपासणी करून घ्यायची आणि तो दाखला ग्राहकाला दाखवायचा. आयएसओ २७००१ हा असाच एक दाखला. एकाच माहितीच्या प्रती वेगवेगळ्या इमारतींत ठेवायच्या. माहिती कुलूपबंद करून ठेवायची आणि ग्राहकानं मागितलं तर किल्ली त्याच्याकडेच द्यायची. सेवा इतका वेळ बंद पडली तर इतके पैसे परत, असा करार करायचा. भारत सरकारनं ‘मेघराज’ या नावानं स्वतःची योजना आखली आणि तपासणीतून उतरलेल्या कंपन्यांनाच सरकारी काम द्यायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये सांगितलं की पैशाच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवली पाहिजे. तिसरा माणूस, दुसरी प्रत, लेखी हमी. १८७९ च्या कायद्यापेक्षा यात वेगळं काय आहे?

प्रतीचं महत्त्व महाराष्ट्राला आगीनं शिकवलं. २१ जून २०१२ रोजी दुपारी मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वर चढत गेली. पाच माणसं गेली आणि असंख्य फायली जळाल्या. एखाद्या खेड्यातल्या माणसानं वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला अर्ज त्यात असेल, तर त्याचं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर कागद संगणकावर नेण्याच्या कामाला जोर आला. २०१८ च्या जानेवारीत राज्यानं क्लाउडचं धोरण जाहीर केलं, त्याच वर्षी डिजिटल सहीचा सातबारा आला. तलाठ्याची वाट पाहत चावडीवर बसणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे या सोयीची किंमत मला कळते.

पण संगणकावर गेलं म्हणजे आगीपासून सुटलं असंही नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथं ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली, आणि ज्यांनी दुसरी प्रत त्याच आवारात ठेवली होती त्यांचं दोन्हीकडचं गेलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी माहिती केंद्रात बॅटरीमुळे आग लागली. तिथल्या सरकारी नोकरांच्या फायली ठेवण्याची ८५८ टेराबाइटची साठवण जळाली. तिची बाहेर कुठंही प्रत नव्हती. साठवण फार मोठी म्हणून प्रत काढली नव्हती, असं कारण सांगितलं गेलं. जगातल्या अत्यंत प्रगत संगणकी देशाची ही गोष्ट.

आमच्या औंढा तालुक्यात सध्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो’ प्रकल्पाचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये त्याला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यातलं एक तत्त्व मला फार आवडलं. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावर आहेत. एकीलाच काही जाणवलं तर त्यावर सहसा विसंबत नाहीत, दोघींना जाणवलं तर खात्री पटते. १४ सप्टेंबर २०१५ ची ती पहिली लहर दोन्हीकडे उमटली म्हणून जगानं मानली. दादा दोन साक्षीदार का बोलावत, ते मला तेव्हा नव्यानं कळलं.

आता माझ्या दोन नुकसानींबद्दल. एक पेटीचं, एक ढगाचं.

२०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी जुनी दप्तरं उघडली गेली, हैदराबादपर्यंत शोध गेला. मोडी वाचणारे आणि उर्दू वाचणारे शोधून आणावे लागले, कारण कागद असूनही तो वाचणारा उरला नव्हता. त्याच दिवसांत शेजारच्या गावाहून एक गृहस्थ माझ्याकडे आले. म्हणाले, “चाचा, आमच्या आज्याचा कागद तुमच्या दादांपाशी ठेवलेला होता म्हणतेत.” दादा जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. त्यांच्यामागं अब्बांनी घरोघर जाऊन बहुतेक गाठोडी परत केली होती. मालकाचा पत्ता न लागलेली सातआठ पेटीत राहिली होती. मी शेजाऱ्याला बोलावून घेतलं, दोघांसमोर पेटी उघडली. चिठ्ठी होती, नाव बरोबर होतं, गाठ दादांच्या हातची होती. आत वाळवीची माती होती. कागदाचा तळहाताएवढा तुकडा शिल्लक होता आणि त्यावर कामाचं एक अक्षरही नव्हतं.

ते गृहस्थ रागावले नाहीत. “तुमची काही चूक नाही,” म्हणाले. चहा घेऊन गेले. पण मला ते बोलणं अजून लागतं. इमान शाबूत होतं, गाठ शाबूत होती, आणि ठेव गेली होती. आमच्या दादांनी सगळं केलं, फक्त एक नक्कल काढून दुसऱ्याच्या घरी ठेवली नाही.

दुसरं नुकसान त्याच्या उलट. माझी अम्मी जात्यावर ओव्या म्हणायची, मराठीत. तिच्या शेवटच्या वर्षी मी मोबाइलवर तिचा आवाज भरून घेतला आणि एका कंपनीच्या ढगात ठेवला. कवितांच्या दोन वह्याही टाइप करून तिथंच ठेवल्या. पुढं माझा जुना फोन नंबर बंद झाला. पासवर्ड विसरलो, तर नवा देण्यासाठीचा आकडा त्या बंद नंबरावरच जायचा. मी अर्ज केले, ओळखीचे कागद पाठवले. दर वेळी यंत्राचं तेच उत्तर, ‘आम्ही तुमची ओळख पटवू शकलो नाही.’ अम्मीचा आवाज त्या इमारतीत आजही असेल. त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी नीट ठेवलेल्या असतील, त्यांना वाळवी लागणार नाही. पण जिच्या पोटी मी जन्मलो तिचा आवाज मागायला मी कुणाच्या ओट्यावर जाऊन बसू? मुलीच्या फोनवर मी कधी काळी पाठवलेला चार मिनिटांचा एक तुकडा होता, तेवढाच हाताशी राहिला.

कंपनीची बाजूही मी समजू शकतो. उद्या कुणी भामटा माझं नाव सांगून आला तर त्याला दार उघडू नये, म्हणूनच हा बंदोबस्त आहे. दादाही अनोळख्याला गाठोडं देत नसत. पण दादा विचारपूस करत. कुणाचा नातू, कुठलं शेत, चुलत्याचं नाव काय. यंत्राला विचारपूस येत नाही, आणि माणूस तिथं बसवलेला नाही.

कायदा इथं काय करतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, तक्रार करण्याचा हक्क त्यात आहे. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे चांगलंच आहे. पण दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्याची ठेव गेली त्याला भरपाई देण्याची सोय त्यात नाही. बँकेतल्या पाच लाखांना विमा आहे, आईच्या आवाजाला नाही. १९६० नंतर बँकांच्या बाबतीत आपण जे केलं, ते इथं अजून व्हायचं आहे. माणसं पोळल्यावरच ते व्हावं, असं काही नाही.

तोपर्यंत आपण काय करावं? मी जे करतो ते सांगतो. कविता आता ढगात आहेत. मुलीच्या नावानं दुसऱ्या ठिकाणी एक प्रत आहे. फोन नंबर बदलला की त्याच दिवशी खात्यात बदलून घेतो. पासवर्ड एका वहीत लिहिला आहे आणि ती वही कुठं आहे हे घरात दोघांना ठाऊक आहे. वर्षातून एकदा, रमजानच्या आधी घर आवरतो तेव्हा, सगळ्या कवितांची कागदावर छपाई काढतो. एक प्रत बसमतच्या मित्राकडे जाते आणि एक दादांच्या पेटीत. पेटीत आता कडुलिंबाचा पाला घालतो.

त्या गृहस्थांच्या आज्याच्या नावाची चिठ्ठीसुद्धा मी टाकून दिलेली नाही. उरलेल्या गाठोड्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले आहेत, दोघांच्या समोर, गाठ सोडून आणि पुन्हा बांधून. कुणाचा तरी नातू पुन्हा येईल. त्याला या वेळी रिकाम्या हातानं जावं लागू नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)